उजेडाच्या पायऱ्या

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं, एक गाव होतं. तिथले सगळे माग तळघरात. का म्हणाल, तर तिथलं सूत केसाहून बारीक. वरच्या कोरड्या हवेत तटातट तुटायचं, तळघराच्या ओलाव्यात मात्र मुकाट नांदायचं.

त्या गावात चिमा नावाची एक सून होती. नवरात्रात देवीला हिरवं लुगडं नेसवायचा मान तिच्या सासरचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. सासूबाईंचे हात थकले, म्हणून त्या वर्षी लुगडं चिमाने विणलं. तळघराला खिडकी होती, पण खिडकीसमोर मातीचा उंच उतार. दिवा लावावा, तर काजळी सुतावर बसायची. सासूबाईंच्या हाताला जन्माचा सराव होता; चिमा बिचारी अंदाजानेच विणत राहिली.

तळघरातच घडी घातलेलं लुगडं देवळात उलगडलं आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. अर्धं हिरवं, अर्धं निळं! अंधारात सुताच्या कांड्या बदलल्या होत्या.

"अगं बाई, देवीला काय ठिगळाचं नेसवायचं?" बायका कुजबुजल्या.

गुरव म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं, तर हा मान दुसऱ्या घरी जाईल."

घरी आल्यावर सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने कुदळ उचलली आणि खिडकीसमोरची माती सरळ उभी कापून काढली. काय उजेड आला म्हणता! चिमा नाचायचीच बाकी राहिली. पण परतीचा पाऊस आला, ती उभी कड धाडकन कोसळली, आणि चिखल खिडकीतून थेट मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात.

"झालं! आगीतून फुफाट्यात," सासूबाई म्हणाल्या. "आता ती खिडकीच बुजवून टाका."

"आत्याबाई, थोडं थांबा," चिमा म्हणाली. "माझ्या माहेरी डोंगरावर शेती करतात. उभा उतार कुणी ठेवत नाही, त्याच्या पायऱ्या करतात. मग माती जागची हलत नाही. आपण खिडकीपुढं तसंच करू."

"खिडकीला पायऱ्या? उजेड काय जावई आहे, पायऱ्या उतरून यायला?"

"जावई नसेना का, पाहुणा तर आहे. वाट केली तर येईल."

मग नवरा-बायको कामाला लागली. माती मागे सरकवत नेली, एकेका पायरीला दगड लावले, दगडांना चुना फासला. पाणी जायला खिडकीखाली चर काढला. पायऱ्यांवर अळू लावलं, पुदिना लावला, वर गवती चहा. जाणारे-येणारे हसायचे, "कोष्टी आता शेतकरी झाले!" चिमा हसण्यावारी न्यायची आणि अळूला पाणी घालायची.

पावसाळा आला. असा कोसळला, की चिमा कुदळ घेऊन दारातच उभी राहिली. पण मुळांनी माती घट्ट धरली होती. पाणी पायरी पायरी उतरलं आणि चरातून गुमान निघून गेलं.

पाऊस उघडला आणि ऊनही त्याच वाटेने उतरलं. चुन्यावरून उजळत उजळत ते थेट मागावर आलं. खिडकीभर हिरवंगार अळू डोलू लागलं. आता चिमा प्रत्येक कांडी त्या अळूच्या पानाशेजारी धरायची. रंग जुळला तरच ती कांडी मागावर चढायची.

नवरात्रात गुरवाने लुगडं उलगडलं. या काठापासून त्या काठापर्यंत एकच हिरवा रंग, अळूच्या पानासारखा ताजा! देवी नेसली आणि गाभारा उजळला.

"माझ्या सुनेनं विणलंय हो!" सासूबाई भर देवळात ओरडल्या. या वेळीही डोळ्यांत पाणी होतं, पण पदर लावायचं त्यांना भान नव्हतं.

वर्षभरात गावातल्या प्रत्येक तळघरापुढे पायऱ्या झाल्या. कसं करायचं ते विचारायला बायका यायच्या, तेव्हा चिमाच्या आधी सासूबाईच सांगायच्या, "उजेड जावयासारखाच असतो बायांनो, त्याला पायऱ्या लागतात!"

तर मुलांनो आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, ध्यानात ठेवा: उजेडाला घाईने ओढून आणलं तर तो टिकत नाही, त्याच्यासाठी पायरी पायरीने वाट बांधली, तर तो तळघरातही नांदायला येतो.