खरखर काढणारा कॉम्प्युटर

एका लहानशा रेडिओ केंद्रात छताला एक पंखा होता. आपल्या कष्टांचा त्याला भारी तोरा. निवेदिका उज्ज्वलाबाई चहाला उठल्या, की कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा आणि पंखा कुरकुरायचा, "बाईंची पाठ वळली, की लागली याची समाधी! मी बघ, दिवसभर गरगरतोय."

"झोपत नाही रे दादा," कॉम्प्युटर म्हणाला. "जुन्या टेपांवरच्या ओव्या बाईंनी माझ्यात भरल्यात, पण टेपांच्या खरखरीमध्ये शब्द बुडालेत. रिकामा असलास की ती काढत बस, असं त्यांनी एकदाच सांगून ठेवलंय. त्यांचं बोट लागलं, की मी लगेच थांबतो."

"अर्धवट टाकतोस? हे कसलं काम!" पंखा फणकारला.

महिन्याभराने एक बाई आली. "माझ्या आईच्या, गिरजाबाईच्या ओव्या उरल्यात का हो? ती जाऊन वीस वर्षं झाली."

उज्ज्वलाबाईंनी ओवी लावली. आवाज स्वच्छ उमटला, जात्याच्या घरघरीसकट, बांगड्यांच्या किणकिणीसकट. लेकीने पदर डोळ्यांना लावला.

नीट ऐकू यावं म्हणून उज्ज्वलाबाई पंख्याच्या बटणाकडे गेल्या. एरवी बटण बंद केल्यावरही किती वेळ कुरकुरत फिरत राहणारा पंखा, त्यांचं बोट लागताच निमूट थांबला.