पूल पोहायला गेला

"मग ते वाक्य गाळायचं, असंच ना मास्तर?"

नबीलाल मास्तरांनी आरशावरची नजर काढली नाही. त्यांच्या एका गालावर सफेदा लावून झाला होता, दुसरा राहिला होता.

"गाळायचं," ते म्हणाले.

जयवंत तंबूच्या खांबाला टेकून उभा होता. अंगात प्रधानाचा झगा, डोक्यावर पगडी. आमदार भाऊसाहेबांचा माणूस नुकताच येऊन गेला होता. गोड बोलून गेला होता. आजच्या हजेरीला साहेब स्वतः पुढं बसणार आहेत; वगात पुलाचं नाव निघालं, तर या तालुक्यात तुमच्या फडाचा तंबू पुन्हा लागायचा नाही.

हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढं होणारा दिवसाचा तमाशा. गावाचा मानाचा खेळ. तो चुकवता येत नाही.

"तुम्ही घाबरलात," जयवंत म्हणाला.

"घाबरलोय की," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसरा गाल रंगवायला घेतला.

जयवंताला हे उत्तर झोंबलं. कारण ते वाक्य त्याचं होतं.

आधी तो जिल्ह्याच्या एका पेपरात बातमीदार होता. भाऊसाहेबांच्या मेहुण्यानं बांधलेला निरवाडीचा पूल पडला, तेव्हा तिथं पोचणारा तो पहिला. नदीला पूर नव्हता. शेवंता नावाची अंगणवाडीची बाई घरी चालली होती, ती पुलाबरोबर खाली गेली. जयवंतानं उरलेल्या खांबाला हात लावला, तर सिमेंट बोटांनी निघत होतं. त्यानं फोटो काढले, बातमी लिहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. आत एका कोपऱ्यात चार ओळी. पाय घसरून महिलेचा मृत्यू. पुलाचं नाव नाही, बाईचंही नाही.

संपादक म्हणाले, "समजून घे."

जयवंतानं समजून घेतलं नाही. नोकरी सोडली आणि थेट नबीलाल मास्तरांच्या फडावर आला. चार जिल्ह्यांत मास्तरांसारखा सोंगाड्या नव्हता. त्यांचं तोंड दिसलं की माणसं हसायला लागत.

"मला हसवायला शिकवा," तो म्हणाला होता. "खरं माझ्याकडं आहे."

मास्तरांनी त्याला पडदे बांधायला लावलं. मग कधीतरी प्रधानाचं काम दिलं. आणि एके दिवशी त्यानं लिहिलेलं वाक्य वगात घेतलं. राजा विचारतो, राज्यातला पूल कुठाय? सोंगाड्या सांगतो, "म्हाराज, पूल पोहायला गेलाय."

त्या एका वाक्यानं फड उचलून धरला. एसटीत, चहाच्या टपरीवर, बाजारात माणसं एकमेकांना विचारू लागली, काय रे, पूल आला का पोहून? पेपरांनी जे दाबलं, ते लोकांच्या तोंडी झालं. जयवंताची मान ताठ झाली. तो फडातल्या लोकांना सांगू लागला, पेपर मेले, आता आपणच पेपर.

मास्तर ऐकायचे. काही म्हणायचे नाहीत.

"तुम्ही नाही म्हणालात, तर मी म्हणेन," जयवंत आता म्हणाला. "प्रधान तिथंच उभा असतो."

"म्हण की..."

"अडवणार नाही?"

मास्तरांनी बोटं फडक्याला पुसली. "तू म्हणलास, तर ते तुझंच ऱ्हाईल," ते म्हणाले, आणि उठले.

बाहेर ढोलकी लागली होती.

निरवाडीच्या देवळापुढचं पटांगण भरलं होतं. भाऊसाहेब पुढं खुर्चीत, गळ्यात जत्रा कमिटीचा हार. त्यांच्या शेजारी दोन पेपरवाले, सत्काराचे फोटो काढायला आलेले. बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.

गण झाला, गवळण झाली. वग सुरू झाला. राजा सिंहासनावर बसला. सिंहासन म्हणजे चादर टाकलेली पेटी. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"काय रे, राज्यात सगळं क्षेम?"

"व्हय म्हाराज," मास्तर म्हणाले.

"शाळा?"

"हाय म्हाराज. मास्तर न्हाई, पण शाळा हाय."

लोक हसले. भाऊसाहेबही हसले.

"दवाखाना?"

"हाय म्हाराज. त्याला सोमवारी बरं नसतं."

पुन्हा हशा. राजा क्षणभर थांबला. पुढचा प्रश्न विचारावा की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं तो विचारून बसला.

"आणि पूल?"

मास्तरांनी तोंड उघडलं...

मग मिटलं.

पटांगण थांबलं. जयवंतानं श्वास घेतला. वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मास्तरांचा पाय त्याच्या पायावर पडला आणि तिथंच राहिला. म्हणजे 'म्हण की' म्हणाले, तेही खोटंच.

मास्तरांनी राजाकडं बघितलं. भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब समाधानानं खुर्चीत मागं रेलले.

मग मास्तरांनी पाय काढला, सावकाश धोतर गुडघ्याच्या वर घेतलं, पायताण हातात घेतलं आणि ते स्टेजच्या बोर्डावरून चालू लागले. एक एक पाऊल चाचपत. नदीत उतरलेला माणूस चालतो तसे. मधेच पाणी छातीला लागल्यासारखे थबकले. पायताण डोक्यावर धरलं.

एक शब्द नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "पोहायला गेलाय!"

मग डावीकडून. मग सगळीकडून. "पूल पोहायला गेलाय!" म्हातारे ओरडले, झाडावर बसलेले ओरडले. हशा असा उठला की ढोलकीवाल्यानं हात आवरला. कुणाचं तोंड धरायचं ते भाऊसाहेबांच्या माणसाला कळेना.

मास्तर तसेच उभे होते, डोक्यावर पायताण धरून. हसत नव्हते.

हशा ओसरत होता, तेव्हा देवळाच्या पायरीवर एक म्हातारी उभी राहिली. सोनाबाई, शेवंताची आई. जयवंतानं तिला ओळखलं. पूल पडला त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"माझ्या शेवंताला पोहता येत न्हवतं," ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली नाही. पण शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

राजा पेटीवरून उठला आणि नुसताच उभा राहिला.

"पूल कुणी बांधला, एवढं तरी सांगा," सोनाबाई म्हणाली. ती बोर्डाकडं बघत नव्हती. पुढच्या खुर्चीकडं बघत होती.

हळूहळू सगळं पटांगण त्या खुर्चीकडं बघू लागलं.

भाऊसाहेब उठले. निघून जातील असं वाटलं. पण जायला वाट माणसांतूनच होती, आणि कुणी बाजूला होईना. त्यांनी हात जोडले, चौकशी होईल म्हणाले.

"कवा?"

"सोमवारी साहेब लोक येतील, आई."

"आन् नाव?"

भाऊसाहेबांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग मेहुण्याचं नाव त्यांनी घेतलं. सगळ्या गावाला ठाऊक असलेलं, पण आजवर चारचौघांत कुणी न घेतलेलं.

पेपरवाल्यांना लिहून घ्यावंच लागलं. आमदारच बोलले होते.

सोमवारी इंजिनिअर आले. खांबांचे तुकडे पिशव्यांत भरून नेले. मेहुण्यावर गुन्हा दाखल झाला आणि नदीवर सरकारी होडी आली. नवा पूल लगेच झाला नाही. जयवंताच्या जुन्या पेपरानंही बातमी दिली, पहिल्या पानावर. तीत शेवंताचं पूर्ण नाव होतं. ते त्यानं दोनदा वाचलं.

फड पुढच्या गावी निघाला होता. गडी तंबू सोडत होते. मास्तर ट्रकच्या सावलीत बसून पान जुळवत होते. जयवंत त्यांच्यासमोर खाली बसला.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार की."

"पेपरवाले गप्प बसले, म्हणून मी त्यांच्यावर थुंकलो. हजेरीला तुम्हीही गप्प बसलात... मग फरक काय राहिला?"

मास्तरांनी पानाला चुना लावला. नखानं जास्तीचा काढून टाकला. पान तोंडात ठेवलं.

"मी ऐकायला गप्प बसलो हुतो," ते म्हणाले.