हैबती वस्तादांची पाऊण तासाची मेहनत

आमच्या तालमीत तेव्हा तांबडी माती होती, तेलाचा वास होता आणि हैबती वस्ताद होते. ते आमच्याकडून रोज पाऊण तास मेहनत करून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुरे. आता दूध प्या आणि निजा."

आम्हा आठ पैलवानांचा खुराक साखर कारखान्याकडून यायचा. एकदा कारखान्याचे चेअरमन सकाळी न सांगता तालमीत आले. आम्ही मेहनत आटपून बसलेलो पाहून भडकले.

"पाऊण तासात संपली? माझे कामगार आठ तास राबतात! उद्यापासून चार तास मेहनत, नाहीतर दूध-बदाम बंद!"

खुराक बंद म्हणजे आमची कुस्ती बंद. माझ्या घरी तर साधी शेळीही नव्हती.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "चालेल, साहेब. फक्त पहिला मान तुमचा. तो दगडी गोटा छातीशी धरून उभे राहा. चार तास नको, चार मिनिटं."

एवढ्या पोरांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी बाह्या सारल्या, कसाबसा गोटा उचलला आणि दहा आकडे मोजायच्या आत धाडकन मातीत टाकला.

"एवढ्यात संपलं, साहेब?"

"अहो, केवढा जड आहे तो!"

"तेच सांगतोय. जड असतं ते लवकर संपतं. चार तास जे उचलता येतं, त्याला आम्ही वजन म्हणत नाही, बाजाराची पिशवी म्हणतो."

साहेब घाम पुसत राहिले, मग खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी दुधाची एक किटली जास्तच आली.

त्या आठांपैकी आता आम्ही तिघे उरलोय. भेटलो की वस्तादांचं ते उत्तर कुणी सांगायचं, यावरून अजून भांडतो.