डोंगराच्या तोंडावरचं सोनं

एका राज्यात डोंगर राजाहून थोरला होता. राज्य बेटावर, बेट भर समुद्रात, आणि बेट म्हणजे तोच डोंगर. पोटात आग, माथ्यावर धूर. राजाच्या पणज्याला तो धूर खपेना. महाल काळा पडतो म्हणे! त्यानं डोंगराच्या तोंडावर सोन्याचं झाकण ठोकलं. राजेच ते, त्यांना कोण सांगणार? झाकणाआडून शाप आला, "माझा ताप तुझ्या वंशाला चढेल."

चढला तो राणी तुंगावतीच्या तान्ह्याला. जमीन थरथरली की बाळ तापानं फणफणे. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा खिडकीत एक टिटवी येऊन बसली. म्हणाली, "राणीसाहेब, किनाऱ्यावर, कड्यात आणि माथ्यावर तिघं आहेत, त्यांना विचारा. डोंगराचं पूर्वीचं त्यांनाच ठाऊक."

राणीनं बाळ पाठीशी बांधलं आणि निघाली.

किनाऱ्यावर काळा कातळ होता. "बाबा, तू कसा झालास?"

"डोंगराचं तोंड मोकळं होतं. वितळून संथ वाहत आलो, थिजलो. बेट माझ्यानं वाढलं."

कड्यात पांढरा दगड होता, पाण्यावर तरंगेल इतका हलका. "आणि तू?"

"एकदा थिजलेल्या कातळानंच डोंगराचा गळा बुजला. वाफ कोंडली, डोंगर फुटला. मी त्या आगीचा फेस. अर्धं बेट बुडालं तेव्हा."

माथ्यावर ऊन ऊन राख होती. "तू गं?"

"मी झाकणाच्या फटीतून निसटलेली. बाकीची राख आत कोंडलीय. डोंगर पुन्हा फुटला, तर उरलेलं बेटही जाईल."

तोच राजा धापा टाकत वर आला. "राणी, झाकणाला हात लावू नका! आग बाहेर येईल."

जमीन हलली. बाळानं टाहो फोडला. राजानं घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप, गप! डोंगर जागा होईल."

राणीनं तो हात झटकला. "महाराज, रडणाऱ्या लेकराचं तोंड दाबतात का? जवळ घेतात!"

बोलली खरी, आणि तिची नजर झाकणावर गेली. राजाचीही गेली. शेला काढून त्यानं हाताला गुंडाळला, अर्धा राणीच्या हाती दिला.

पहिल्या हिसक्याला झाकण हललं नाही. दुसऱ्याला कुरकुरलं. तिसऱ्याला निघालं.

डोंगरानं लांब श्वास सोडला. तांबडा ओघळ ओसाड उतारानं सावकाश समुद्राकडे गेला, पाण्याशी फुसफुसला, थिजला.

आतून आवाज आला, "लेकरू झोपलं का?"

राणीनं बाळाच्या कपाळाला हात लावला. गार होतं. "झोपलं."

"मग मीही जरा पडतो."

महाल पुन्हा काळा पडला. राणीनं तो कधी घासू दिला नाही. आणि त्या नव्या काळ्या जमिनीवर बाळानं पहिलं पाऊल टाकलं. डोंगराचा ताप उतरला, बाळाचा उतरला. ऐकणाऱ्यांच्या लेकरांचाही उतरो.