विठू पेंटरचं जंगल

“डोळे उघडे ठेवून आंधळं राहायचं, हे लोकांना जमतं तरी कसं?”

सुव्रतने हे कुणाला विचारलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या... आणि विंगेजवळच्या पेटाऱ्यावर दस्तगीर मेस्त्री बशीतला चहा फुंकत बसले होते.

मेस्त्रींची हयात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात गेली होती. दोन वर्षं सुव्रत दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जात होता. त्यांनी त्याला अजून ब्रश धरू दिला नव्हता.

बंद पडलेल्या त्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर आज एक पडदा टांगला होता. जंगलाचा. मेस्त्रींचे गुरू विठू पेंटर यांनी रंगवलेला, त्यांच्या हातचा उरलेला एकमेव. बाकीचे गुंडाळ्यांतच कुजले. हा सुव्रतला चार महिन्यांच्या शोधानंतर एका गोदामात सापडला होता.

संध्याकाळी सहाला लोक येणार होते. त्यांनी या जंगलासमोर बसून तासभर सुव्रतचं संगीत ऐकायचं होतं. संगणकावर रचलेलं. ताल नाही, शब्द नाहीत, धुक्यासारखे पसरत जाणारे स्वर.

मागच्या वेळी अकरा जण आले होते. पाच मिनिटांत सात उठून गेले.

त्या सात खुर्च्या सरकल्याचा आवाज सुव्रतला अजून झोपेत ऐकू येई.

आता तीन वाजले होते. वरचा पत्रा तापला होता. झाडलोट करणाऱ्या सकूमावशी केरसुणी घेऊन पायरीवर ताटकळत होत्या, कारण आवराआवर होईपर्यंत थांबा असं सुव्रतने त्यांना तीनदा सांगितलं होतं. तो घड्याळ बघे, मोबाइल बघे, आणि पुन्हा पडद्याकडे बघे.

पडद्याच्या मधोमध माणसाच्या उंचीचा एक पट्टा पुसट होता. दोन्ही बाजूंना गर्द झाडं, वेली, काळोख... आणि मधे जवळजवळ काहीच नाही. शेजारच्या पाटीवर सुव्रतने लिहिलं होतं, ‘काळाने आणि आपल्या बेपर्वाईने हे चित्र मधोमध खाल्लं आहे.’

त्याचा एक पेंटर मित्र रंग घेऊन बसने निघाला होता. सहाच्या आत तो ही जागा भरून देणार होता.

मेस्त्रींनी बशी खाली ठेवली. ते उठले, पडद्यापाशी गेले आणि त्या पुसट जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग बाजूच्या झाडावरून. मग पुन्हा मधे.

“ये. हात लाव.”

सुव्रतने लावला.

“घासून गेलेला रंग धाग्यात राहतो. धुतला तरी राहतो. इथं काय लागतंय?”

सुव्रतने डोळे बारीक केले. “धागा कोरा आहे, चाचा.”

“हां.”

“म्हणजे... इथे रंग कधी लागलाच नव्हता?”



सुव्रतचा चेहरा उजळला. तो भराभर बोलायला लागला. विठू पेंटरांना हे पुरं करू दिलं गेलं नाही, कंपनीने घाई केली असणार, जिवंतपणीच त्यांना चिरडलं असणार, पाटी बदलायला हवी, अपुरी राहिलेली महान कृती असं लिहायला हवं. त्याने खिशातून पेनही काढलं.

“पडदा कशासाठी असतो रे?” मेस्त्रींनी विचारलं.

“नाटकासाठी.”

“मग पडद्यापुढं कोण असतं?”

“नट.”

“कुठं उभा राहतो?”

सुव्रतने मधल्या पुसट जागेकडे बघितलं... आणि पेनाचं टोपण परत लावलं.

मेस्त्री पुन्हा पेटाऱ्यावर जाऊन बसले. “लाव आता तुझं ते.”

सुव्रतने संगीत लावलं. खालून एक खर्जातला स्वर आला. त्यावर वारा चढला, वाऱ्यावर घंटेसारखी किणकिण, तिच्यावर जुन्या रेडिओची खरखर, मग पाणी, मग पक्षी, मग आणखी काहीतरी. मेस्त्री डोळे मिटून ऐकत होते. बशीतल्या उरलेल्या चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

“यातला कुठला आवाज भीतीनं घातलास?”

सुव्रत हसला. मग त्याचं हसू थांबलं.

त्याची बोटं मिक्सरवर गेली. त्याने पक्षी बंद केले. थोडं थांबून पाणी. रेडिओची खरखर त्याची लाडकी होती, तिच्यापाशी बोट अडलं... तीही गेली. मग किणकिण.

खाली तो एकच खर्जातला स्वर राहिला. इतका हळू, की पत्रा तापल्याचा कडकड आवाज मधून ऐकू यावा.

“आता काही उरलंच नाही, चाचा. लोक उठून जातील.”

“जातील.”

“सगळे गेले तर?”



सकूमावशींना वाटलं, झालं यांचं. त्या पायऱ्या चढून वर आल्या आणि खाली वाकून मंच झाडत निघाल्या. मधोमध आल्यावर कमरेत कळ आली म्हणून त्या सरळ झाल्या, आणि केरसुणीवर हात टेकून तिथेच उभ्या राहिल्या.

बाजूला व्हा, असं सांगायला सुव्रत पुढे सरला. मेस्त्रींनी हात वर केला.

सुव्रत जागीच थांबला.

इतका वेळ सपाट दिसणारं जंगल मागे खोल गेलं होतं. दोन्हीकडची झाडं मावशींच्या खांद्यांवर झुकली होती. त्यांच्या विटक्या हिरव्या लुगड्यापाशी येऊन एक वेल थांबली होती, अगदी तिथेच थांबायला काढल्यासारखी.

खिशात मोबाइल थरथरला. पेंटर मित्राचा फोन. बस स्टँडवर पोचली असणार. सुव्रतने मोबाइल काढला, नाव बघितलं, आणि तो पेटाऱ्यावर पालथा ठेवला. थोडा वेळ तो तसाच थरथरत राहिला.

खर्जातला स्वर चालू होता.

मावशींनी पदराने मान पुसली. मग पुसता पुसता थांबल्या आणि त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं.

“पंखा तर बंदच हाय की,” त्या म्हणाल्या. “मग हितं गार कसं काय वाटतंय?”