डुबी बेडकी आणि अडलेला झरा

डोंगराखाली एक डबकं होतं. डबक्यात राहायची डुबी बेडकी. अंगठ्याएवढी. डोंगरावरून झरा यायचा, झुळझुळ झुळझुळ. डबकं भरून जायचं.

एक दिवस वरून दगड घरंगळला. धाडधाड, धप्प. झऱ्याच्या तोंडावर येऊन बसला. पाणी थांबलं. डबकं आटू लागलं.

"डुबे, आता आमचं काय होणार गं?" डबक्यातल्या मासोळ्या म्हणाल्या.

डुबीला उड्या मारत नदीवर जाता आलं असतं. पण मासोळ्यांना उड्या कुठे येतात?

डुबीने दगड ढकलून पाहिला. हलला नाही.

"थांबा हं. मी कुणाला तरी आणते."

टुणुक टुणुक डुबी गेली म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, दगड ढकल ना. डबक्यात पाणी येईना."

"कशी ढकलू गं? पाठीला गोचिडी चावतात. बगळा गोचिडी वेचेल, तर मी दगड ढकलीन."

टुणुक टुणुक डुबी गेली बगळ्याकडे.

"बगळेदादा, बगळेदादा, गोचिडी वेच ना. म्हैस दगड ढकलेना, डबक्यात पाणी येईना."

"कसा येऊ? वाऱ्याने घरटं विस्कटलंय. पिल्लं खाली पडतील. सुगरण घरटं विणेल, तर मी गोचिडी वेचीन."

टुणुक टुणुक डुबी गेली सुगरणीकडे.

"सुगरणताई, सुगरणताई, घरटं विण ना. बगळा गोचिडी वेचेना, म्हैस दगड ढकलेना, डबक्यात पाणी येईना."

"कशाने विणू? गवत कडक झालंय. चोचीने तुटत नाही. उंदीर गवत कापेल, तर मी घरटं विणीन."

टुणुक टुणुक डुबी गेली उंदराकडे.

"उंदीरमामा, उंदीरमामा, गवत काप ना. सुगरण घरटं विणेना, बगळा गोचिडी वेचेना, म्हैस दगड ढकलेना, डबक्यात पाणी येईना."

"घसा सुकलाय गं पोरी. घोटभर पाणी पाज, मग कापतो."

पाणी आणायचं कुठून? नदी तर लांब. डबक्यात उरलं होतं ते मासोळ्यांना हवं. डुबीने अळूच्या पानात थोडं पाणी राखलं होतं. दुपारी अंग भिजवायला. तेवढंच.

डुबी पानाकडे बघत बसली. मग पान ओढत आणलं, सर्र सर्र.

"पी, मामा."

उंदीर पाणी प्यायला, गटक गटक. उंदराने गवत कापलं, कुरुम कुरुम. सुगरणीने घरटं विणलं, सुळसुळ सुळसुळ. बगळ्याने गोचिडी वेचल्या, टक टक. म्हशीने डोकं लावलं आणि दगड ढकलला, गडगड गडगड.

पाणी आलं. झुळझुळ झुळझुळ.

मासोळ्या डुबीभोवती गोल गोल फिरल्या.

मग सगळेच तिथे पाणी प्यायला आले. म्हैस बगळ्याशी बोलली. बगळा सुगरणीशी बोलला. सुगरण उंदराशी बोलली. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच येऊ लागले.

पुढे एकदा झऱ्यात मोठी फांदी पडली. पाणी पुन्हा अडलं. डुबी निघाली, टुणुक टुणुक.

जाऊन बघते तर काय? उंदीर फांदी कुरतडतोय. सुगरण पानं उचलतेय. बगळा काटक्या ओढतोय. म्हैस डोकं लावून उभी.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" डुबीने विचारलं.

"कुणी नाही," म्हैस म्हणाली. "उंदराने पाहिलं, आम्हाला सांगितलं. तू जा गं. आम्ही आहोत ना इथे."

डुबी परत आली. मासोळ्यांमध्ये शिरली. डुबुक.