ठकूबाईचा दगड

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल ठाऊक नव्हता तेव्हा, उंबरखडी गाव टेकडीवर होतं. आजही तिथंच आहे, आणि ते का, त्याचीच ही गोष्ट.

टेकडी चढून पाणी आणता आणता बायका मेटाकुटीला यायच्या. म्हणून येसाजी पाटलांनी ठरवलं, गाव नदीकाठच्या सपाटीवर हलवायचं. सगळे राजी झाले. एकटी ठकू कुंभारीण आडवी आली. तिची मडक्यांची माती तर काठावरच होती, तरीही.

पारापुढच्या दगडावर उभी राहून ती म्हणाली, "नदीचा भरवसा धरू नये, असं जुनी माणसं म्हणतात."

"जुनी माणसं काय, दोन्हीकडून बोलतात," पाटील म्हणाले. "त्यांचं राहू दे. तुझं काय ते सांग, ठकूबाई."

लोक हसले. ठकूचं स्वतःचं सांगण्यासारखं होतं, पण ते नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणणार आणि तिच्या हातचं मडकंही घेणार नाही, ही भीती तिला लग्नापासून होती.

शेवटी तिनं पदर खोचला.

"माझं माहेर याच नदीच्या वरल्या अंगाला, अशाच सपाटीवर होतं. मी सात वर्षांची. आई भाकरी थापत होती. पाणी उंबऱ्याशी आलं तशी तिनं मला चिंचेवर चढवलं. म्हणाली, घट्ट धर, शेळी सोडून आलेच. मी दोन दिवस धरून होते. पिठासकट आमची काथवट माझ्या खालून वाहत गेली. आई काही आली नाही."

असं म्हणतात, ती बोलत होती तोवर तिच्या लुगड्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं, आणि ऐन वैशाखात तो दगड ओलाचिंब झाला. "आम्ही टेकडी चढू," पहिल्यांदा म्हणाल्या त्या पाणी भरणाऱ्या बायकाच. गाव हललं नाही.

तिची मडकी मात्र काही घरांनी बंद केली, तेही खरं. मग श्रावणात नदीनं अख्खी सपाटी गिळली आणि टेकडी चढून पारापर्यंत आली. असं म्हणतात, त्या दगडाला शिवून पाणी माघारी फिरलं. दुसऱ्या दिवशी ठकूबाईच्या दारात मडक्यांसाठी रांग लागली. पाटील त्या रांगेत पहिले होते.

आजही उंबरखडीत कोणाला गावाचं मन वळवायचं असलं, तर त्यानं अनवाणी त्या दगडावर उभं राहायचं आणि आधी स्वतःवर बेतलेलं सांगायचं. 'असं म्हणतात' तिथं चालत नाही. म्हणून ठकूबाईची गोष्ट सांगणारासुद्धा आधी दगडावरून खाली उतरतो, आणि मगच सांगतो.